नव्या ऑल टेरेन टायरची थरथर: बॅलन्सिंग करूनही प्रत्येक कच्च्या फेरीनंतर ती परत का येते?

तक्रार अशी होती. नवे ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या आणि पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे, टायर बसवल्यापासून डांबरी रस्त्यावर ताशी ७५ किलोमीटरचा वेग ओलांडला की स्टेअरिंग थरथरू लागे, ९०च्या आसपास ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत पोचे आणि ६०च्या खाली पूर्ण नाहीशी होई. बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर लहान वजने लावून चाक तोलणे, करून घेतले की गाडी काही दिवस शांत चाले. पुढच्या कच्च्या रस्त्याच्या फेरीनंतर मात्र तीच तक्रार पुन्हा उभी राही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मी पाच वेळा बॅलन्सिंग आणि दोन वेळा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतली, आणि एकदा तर टायरच सदोष आहेत असे ठरवून ते दुकानात परत करायला निघालो होतो. टायर सदोष नव्हते. कारणे चार होती, चौघांचे लक्षण एकच होते आणि ती आळीपाळीने पुढे येत होती. त्यामुळे एका कारणावर केलेला उपाय लागू पडला की सगळेच मिटले असे वाटे. नागपूरच्या आसपासच्या काळ्या मातीत गाडी नेणाऱ्या कोणालाही या चक्रात सापडणे सहज शक्य आहे, म्हणून शोधाचा सगळा क्रम, माझ्या चुकांसह, येथे लिहितो.

गाडी आणि टायरची निवड

माझी गाडी लहान आहे. ती लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली असून तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल, म्हणजे डावे आणि उजवे चाक जोडणारा एकच अखंड दांडा, आहे. मूळ टायर १९५/८० आर १५ या आकाराचे होते आणि नवे घेतले ते २१५/७५ आर १५. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो आणि नव्याचा सुमारे ७०३ मिलिमीटर, म्हणजे फरक दीड टक्क्याचा आहे. एवढ्या फरकाने टायर चाकाच्या कमानीला घासत नाही आणि वेगमापकही फारसे चुकत नाही. काट्यावर ८० दिसतात तेव्हा खरा वेग पूर्वीपेक्षा सुमारे एक किलोमीटरने जास्त असतो. यापेक्षा मोठा टायर घेण्याचा मोह आवरावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण टायर जसजसा रुंद आणि जड होतो तसतसा असंतुलनाचा प्रत्येक ग्रॅम पुढच्या ॲक्सलला अधिक जाणवतो.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी मी नीट पाहिल्या. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ असेल तर टायर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातला. पाचही टायर, स्टेपनीसह, एकाच वर्षातले आणि जवळजवळच्या आठवड्यांतले घेतले. भार निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही याचीही खात्री केली, कारण पाच माणसे आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत ही तडजोड करण्याजोगी गोष्ट नव्हे. तिसरी गोष्ट मी पाहिली नाही, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला. टायर बसवल्यानंतर तो किती काळ स्वस्थ ठेवायचा, हे मी विचारलेच नाही.

पहिले कारण: रिमवर सरकलेला टायर

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता टायर बसले आणि रविवारी सकाळी सहा वाजता मी हिंगण्याच्या पुढे झिल्पी तलावाच्या बाजूला एका स्नेह्याच्या शेताकडे निघालो. पांदण सुरू झाली तिथे चारही टायरची हवा ३० पीएसआयवरून १८वर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, दगडावर उसळत नाही आणि मुरमात त्याची पकड वाढते. ही पद्धत योग्यच आहे. मात्र आदल्या संध्याकाळी बसवलेल्या टायरवर ती वापरणे अयोग्य होते.

टायर रिमवर चढवताना त्याच्या आतल्या कडेला, जिला दुकानात बीड म्हणतात, साबणाचे पाणी किंवा तशीच एखादी निसरडी पेस्ट लावतात, कारण तिच्याशिवाय ती कड रिमच्या गळ्यावरून सरकत नाही. हे वंगण वाळायला वेळ लागतो. टायर रिमवर पक्का धरून ठेवण्याचे काम आतल्या हवेचा दाब आणि कडेचे घर्षण ही दोघे मिळून करतात. वंगण ओले असेल तर घर्षण कमी पडते आणि हवा कमी केली तर दाबही कमी पडतो. अशा स्थितीत फोर बाय फोर लो गिअरमध्ये (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या) चढ चढताना किंवा उतारावर ब्रेक दाबताना रिम आणि टायर एकमेकांवर थोडे सरकतात. बॅलन्सिंगची वजने रिमवर चिकटलेली असतात, तर ज्या जड जागेला तोलण्यासाठी ती लावलेली असतात ती जागा टायरमध्ये असते. दोघांची जागा एकमेकांच्या सापेक्ष बदलली की केलेले बॅलन्सिंग वाया जाते. बदल मोठा असेल तर तीच वजने उलट भर घालू लागतात.

हे माझ्या लक्षात आले ते दुसऱ्या फेरीनंतर, आणि तेही नशिबाने. बऱ्याच नव्या टायरवर एक पिवळा ठिपका असतो. टायरची सर्वांत हलकी जागा तो दाखवतो, आणि बसवताना तो हवा भरण्याच्या व्हॉल्व्हसमोर ठेवण्याची रीत आहे. माझ्या दुकानातल्या कारागिराने पाचही टायर तसेच नीट बसवले होते. गाडी धुताना पाहिले तर पुढच्या डाव्या चाकाचा ठिपका व्हॉल्व्हपासून चांगला चार बोटे पुढे गेला होता आणि मागच्या उजव्याचा दोन बोटे. उरलेली दोन चाके जिथल्या तिथे होती.

उपाय सोपा निघाला. ती दोन चाके उतरवून टायर पुन्हा जागेवर आणला, कड आणि रिमची बैठक कोरड्या फडक्याने पुसली, वंगण जेमतेम लावायला सांगितले आणि बॅलन्सिंग नव्याने केले. त्यानंतर गाडी चोवीस तास हलवली नाही आणि पुढचे सुमारे ३०० किलोमीटर पूर्ण दाबावर, जोराचे ब्रेक टाळत, फक्त डांबरी रस्त्यावर चालवली. सर्वांत उपयोगी काम मात्र त्याच संध्याकाळी केले. प्रत्येक चाकावर, व्हॉल्व्हच्या रेषेत, टायर आणि रिम या दोघांवरून जाणारी एक बारीक सरळ रेघ पांढऱ्या ऑइल पेंटने ओढली. खडू चालत नाही. पहिल्याच नाल्यात तो धुऊन जातो. कच्च्या रस्त्यावरून परतल्यावर रेघ अखंड दिसली तर टायर सरकलेला नाही, तुटलेली दिसली तर किती सरकला तेही कळते. माझ्या गाडीवर ती रेघ आजही आहे आणि त्यानंतरच्या सहा फेऱ्यांत ती एकदाही तुटलेली नाही.

दुसरे कारण: रिमच्या पोटातली काळी माती

रेघ अखंड होती, तरीही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात थरथर परत आली. या वेळी तिची वागणूक वेगळी होती आणि ती मी आधीच नोंदवून ठेवायला हवी होती. फेरीवरून परततानाच्या रस्त्यावर गाडी जवळजवळ शांत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्धा रोडवर निघालो तेव्हा दहा मिनिटे काहीच झाले नाही, आणि मग एका खड्ड्यानंतर अचानक स्टेअरिंग हलू लागले.

नागपूर अशा जागी वसले आहे की पश्चिमेला आणि दक्षिणेला बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली कपाशीची काळी जमीन पसरते. या मातीतल्या चिकण खनिजांना पाणी लागले की ती फुगतात आणि कशालाही धरून बसतात; वाळली की आक्रसतात आणि भेगाळतात. उन्हाळ्यात वावरात पडणाऱ्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. हीच माती चाकाच्या मागच्या बाजूला, रिमच्या पोटात, थरावर थर चढत भरते. ओली असताना ती चाकाच्या फिरण्यामुळे पोटात सगळीकडे बऱ्यापैकी सारखी पसरते, म्हणून घरी परतताना फारसे जाणवत नाही. रात्रभरात ती विटेसारखी घट्ट होते, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या खड्ड्याने तिचा एका बाजूचा पापुद्रा सुटून पडला की दुसऱ्या बाजूचे वजन एकटे उरते.

ते वजन किती त्रास देते याचा हिशेब मी मांडून पाहिला. माझे टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण दहा फेरे घेतात. चाकाच्या मध्यापासून १८ सेंटिमीटरवर फक्त ५० ग्रॅम माती एका बाजूला चिकटलेली असेल, तर त्या वेगाला ती चाकाला सुमारे साडेतीन किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि तेही सेकंदाला दहा वेळा दिशा बदलत. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १०० किलोमीटरला तीच माती साडेपाच किलोच्या वर ओढ लावते. मूठभर मातीने एवढी थरथर होते यावर माझा विश्वास बसत नव्हता; आकडे मांडल्यावर बसला.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आधीच्या दोन वेळी मी गाडी तशीच, बाहेरून धुऊन, बॅलन्सिंगला नेली होती. मशीनला माती आणि टायर यांत फरक कळत नाही. पोटात चिकटलेल्या मातीसकट तिने चाक तोलले आणि पुढच्या उजव्या चाकाला ९० ग्रॅम वजन मागितले, जेव्हा नवे असताना त्याच चाकाला ३० ग्रॅम पुरले होते. त्या दिवशी गाडी शांत झाली. चार दिवसांनी माती वाळून गळाली, लावलेले जादा वजन मात्र रिमवरच राहिले, आणि आता तेच असंतुलन झाले. बॅलन्सिंग करूनही तक्रार परत येते असे मी ज्याला म्हणत होतो, ते बॅलन्सिंगनेच घडवलेले होते. एखाद्या चाकाला मागच्या वेळेपेक्षा दुपटीहून जास्त वजन लागू लागले, तर मशीन तिथेच थांबवून चाक मागून पाहण्याचा आग्रह धरावा.

आता पावसाळ्यात फेरी झाली की त्याच दिवशी, माती ओली असतानाच, रिमच्या आरांमधून पाइप आत घालून पोट धुतो. मग गाडी अर्धे चाक पुढे घेतो आणि वर राहिलेला भाग पुन्हा धुतो. माती वाळली असेल तर ती लाकडी पट्टीने काढावी. लोखंडी पान्याने रिमचा थर खरवडला जातो आणि वजने उखडतात.

येथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. काळ्या ओल्या मातीत ऑल टेरेन टायरच्या खाचा दोनशे मीटरमध्ये भरून जातात आणि टायर गुळगुळीत चाकासारखा घसरू लागतो. हे टायर मुरूम, गिट्टी, कोरडे नाले आणि डांबर यांसाठी उत्तम आहेत. ऐन श्रावणातल्या पांदणीसाठी नाहीत. शिवाय त्या दिवसांत आपल्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढे महिनाभर शेतकऱ्याच्या बैलबंडीला आणि ट्रॅक्टरला नडतात. जोराचा पाऊस झाल्यावर किमान दोन दिवस उघाड मिळेपर्यंत मी आता तिकडे जात नाही, आणि चाचणीसाठी वनखात्याच्या हद्दीतल्या वाटा तर मुळीच वापरत नाही.

तिसरे कारण: निखळलेली वजने

माती धुण्याच्या या नव्या शिस्तीनेच पुढची अडचण आणली. अलॉय रिमच्या पोटात चिकटवायची वजने पट्टीच्या रूपात येतात, पाच आणि दहा ग्रॅमच्या तुकड्यांची, आणि ती निव्वळ डिंकाच्या आधारावर असतात. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने माझ्या मागच्या डाव्या चाकाची जवळजवळ सगळी पट्टी उडवली. या वेळी थरथर स्टेअरिंगमध्ये नव्हती, सीटखाली होती. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्टेअरिंग हलत असेल तर आधी पुढची चाके पाहावीत, बूड हलत असेल तर मागची.

रिमच्या पोटात डिंकाचा राखाडी आयताकृती डाग दिसला आणि त्यावर वजन नसले, तर दुसरा पुरावा शोधायला नको. नवी पट्टी लावण्यापूर्वी ती जागा थिनरने पुसून पूर्ण कोरडी करायला सांगावे, कारण मातीचा बारीक थर राहिला तर नवा डिंकही धरत नाही. मी पट्टीवरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी दाबून बसवून घेतली आणि फवारा तिच्यावर सरळ मारू नये असे धुणाऱ्याला सांगत आलो आहे. लोखंडी रिमवर कडेला ठोकून बसणारी वजने असतात. चिखलात ती जास्त टिकतात. मात्र खडकाळ नाल्यात कड दगडावर घासली तर तीही जातात.

चौथे कारण चटकन सांगतो. एका टायरची कड रिमवर सगळीकडे सारखी बसलेली नव्हती. टायरच्या बाजूवर रिमच्या अगदी जवळून एक बारीक उभार रेषा गोल जाते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी, आणि हे चाकाच्या दोन्ही बाजूंनी पाहायचे असते. त्या टायरच्या मागच्या बाजूला ती एका जागी आत गेली होती. असा टायर मशीनवर शून्य ग्रॅम दाखवूनही रस्त्यावर उसळतो, कारण तो तोललेला असला तरी गोल नसतो. हवा काढून, कड ओली करून, पुन्हा भरल्यावर तो जागेवर बसला.

तपासणीचा क्रम

आता थरथर जाणवली तर मी दुकानाकडे वळण्याआधी घरीच अर्धा तास देतो. सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने पाचही टायरची हवा पाहतो. नागपुरात हे सकाळीच करावे लागते, कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो आणि मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचा आकडा काहीच सांगत नाही. एकाच चाकाची हवा दर आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरत असेल तर कमी दाबावर चालताना कडेत माती शिरली आहे असे समजावे. साबणाचे पाणी रिमच्या कडेने ओतले की बुडबुडे येतात. अशा चाकामुळे गाडी एका बाजूला ओढते, मात्र थरथर सहसा त्यामुळे नसते. त्यानंतर पांढरी रेघ, रिमचे पोट, वजनांची पट्टी आणि बाजूवरची उभार रेषा, याच क्रमाने पाहतो. खाचांत अडकलेली गिट्टीही काढतो.

मग रस्ता. चाचणी नेहमी एकाच पट्ट्यावर, एकाच दिशेने आणि किमान दहा किलोमीटर गाडी चालवल्यानंतरच करावी, कारण रात्रभर उभ्या गाडीच्या टायरला खालच्या बाजूने तात्पुरता चपटेपणा येतो आणि तो गरम झाल्यावरच जातो. मी अमरावती रोडवर वाडी मागे टाकल्यानंतरचा एक ठरलेला भाग वापरतो. थरथर कुठून येते हे माहीत नसताना समृद्धी महामार्गावर, जिथे हलक्या वाहनांना १२०ची मर्यादा आहे, चाचणीसाठी चढणे मला धोक्याचे वाटते. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकच्या डिस्क पाहाव्यात, फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर येत असेल तर इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे सांधे. दोन्ही सोडून एकाच वेगाला ती कायम राहत असेल, तरच चाकांचा संशय धरावा.

यानंतर शंका उरली तर पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे करून तोच पट्टा पुन्हा चालवावा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोष चाकात आहे. ती स्टेअरिंगमध्येच राहिली तर तो चाकात नाही. या एका अदलाबदलीने माझी शेवटची दोन बॅलन्सिंग वाचली असती. नट बसवताना ते आडव्या-तिरक्या क्रमाने, हाताच्या पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) घट्ट करावेत आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. हवेच्या गनने एकेक नट पूर्ण आवळत गेले तर रिम हबवर किंचित तिरपी बसू शकते.

चाके बदलूनही त्रास तिथेच राहिला, आणि विशेषतः तो ५५ ते ७०च्या दरम्यान एखाद्या खड्ड्याने सुरू होऊन स्टेअरिंग जोराने डावीउजवीकडे फेकत असेल, वेग पुष्कळ कमी करेपर्यंत थांबत नसेल, तर तो बॅलन्सिंगचा प्रश्न उरत नाही. सलग पुढचा ॲक्सल असलेल्या गाडीत किंगपिनचे बेअरिंग (ज्यावर पुढचे चाक वळते), टाय रॉडची (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याची) टोके, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे धक्के शोषणारा) यांपैकी कशात तरी ढिलेपणा आलेला असतो. जुन्या हलक्या टायरने तो झाकलेला असतो आणि जड टायर तो उघडा पाडतो. इंजिन सुरू ठेवून, गाडी जमिनीवर असताना, एकाने स्टेअरिंग थोडे थोडे दोन्हीकडे हलवावे आणि दुसऱ्याने पुढून वाकून प्रत्येक सांधा पाहावा, हात मात्र घालू नये. मग चाक जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून, वर आणि खाली धरून हलवून पाहावे. ढिलेपणा कोणत्या सांध्यात आहे ते सापडून तो भाग बदलेपर्यंत अशी गाडी ५०च्या वर नेऊ नये.